मदत हवी आहे: मुलगी भाजी खात नाही आणि वर्गातले डबे तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी सव्वासहा वर्षांची असून यंदा पहिलीत गेली आहे. आम्ही नाशिकला राहतो. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात, मी सकाळी साडेनऊला कामावर निघते आणि घरी सासूबाई असतात. माझे प्रश्न दोन आहेत, परंतु ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की त्यांसाठी वेगवेगळे धागे काढण्यात अर्थ वाटला नाही.

मुलगी मोजकेच पदार्थ खाते: वरणभात, तूप-साखर पोळी, बटाट्याच्या काचऱ्या, केळे, कांदा दिसणार नाही असे थालीपीठ, आणि सकाळ-संध्याकाळ मोठा पेला भरून दूध. गवार, दोडका, भेंडी किंवा कोणतीही पालेभाजी वाढली की ती पानाच्या कडेला सारली जाते, आणि भाजीचा रस भाताला लागला तर तो भातही त्याच वाटेने जातो. मटकीचे साल जिभेला लागले की ती घास बाहेर काढते. तिचे वजन साडेअठरा किलो आहे, दिवसभर तिच्या उड्या चाललेल्या असतात आणि ती फारशी आजारीही पडत नाही. सासूबाई गोष्ट सांगत तिला भरवतात आणि गोष्ट संपली की मोबाईल लावून देतात. त्यामुळे पोटात चार घास जास्त जातात हे मान्य करायला हवे, पण त्या वेळी तिचे लक्ष पानाकडे नसतेच.

आता शाळेविषयी. शाळा खाजगी, मराठी माध्यमाची आहे. जुलैमध्ये पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसाठी चिठ्ठ्या काढण्यात आल्या आणि पहिलीच्या पालकांमधून माझे नाव निघाले. शाळेच्या कामात हातभार लावावा असे मला मनापासून वाटत होते, म्हणूनच मी नाव दिले होते. पहिल्याच बैठकीत डब्यांचा विषय आला. बिस्किटांचे पुडे आणि नूडल्स फार येतात, ही शिक्षिकांची तक्रार रास्त होती. त्यावर असे वेळापत्रक ठरले की सोमवारी पोळी आणि फळभाजी, मंगळवारी मोड आलेल्या कडधान्याची उसळ, बुधवारी पालेभाजी किंवा तिचा पराठा, गुरुवारी पुन्हा फळभाजी, शुक्रवारी आवडीचा परंतु घरी केलेला पदार्थ आणि शनिवारी फळ. येथपर्यंत ठीक होते. पुढे असेही ठरले की स्वयंसेवक पालकांनी मधल्या सुट्टीत वर्गात बसून डबे पाहावेत आणि ज्या मुलांचा डबा वेळापत्रकाप्रमाणे नसेल, त्यांची नावे एका वहीत लिहावीत. पहिलीच्या वर्गाची वही माझ्याकडे सोपवली आहे. कामाच्या ठिकाणी सांगून मी आठवड्यातला एक दिवस उशिरा जाणार आहे, आणि नेमका तो मंगळवार आहे.

मंगळवारी माझ्या मुलीच्या डब्यात उसळ दिली तर ती डबा न उघडता घरी आणेल आणि दुपारपर्यंत उपाशी राहील. तूप-साखर पोळीची गुंडाळी दिली तर तिचे नाव मला माझ्याच हाताने लिहावे लागेल, आणि ते लिहिले नाही तर इतरांच्या मुलांची नावे लिहिण्याचा मला काय अधिकार? तेव्हा एक तर तिच्या खाण्याचे काय करावे हे सांगावे, आणि दुसरे म्हणजे ही जबाबदारी सोडून द्यावी की तिचे स्वरूप बदलून घेता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी मत द्यावे. "मोठी झाली की खाईल" हे उत्तर मी पुष्कळ वेळा ऐकले आहे.

बाळगुटी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण समजावा. सहा वर्षांच्या मुलीचे साडेअठरा किलो वजन काळजी करण्याजोगे नाही. परंतु एका दिवशी केलेल्या वजनापेक्षा वाढीची रेषा महत्त्वाची असते. या वयात वर्षाला साधारण दोन ते तीन किलो वजन आणि पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढावी. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीचा २०१५ चा तक्ता आपल्या डॉक्टरांकडे असेलच. मागच्या नोंदी त्यावर मांडून घ्याव्यात.

अनोळखी अन्नाची भीती साधारण दोन ते सहा या वयात सर्वाधिक असते आणि त्यात हट्टाचा भाग आपण समजतो त्याहून कमी असतो. नवा पदार्थ स्वीकारण्याआधी मुलाला तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, समोर दिसावा लागतो, आणि बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळेला "हिला आवडत नाही" असे ठरवून तो बंद केला जातो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली जबाबदारीची विभागणी मी आयांना नेहमी सांगते: काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, आणि त्यातले खायचे की नाही व किती, हे मुलाने ठरवावे. पानात वरणभात असावा, शेजारी चमचाभर दोडका असावा आणि त्या दोडक्याविषयी कोणीही एक शब्दही बोलू नये. स्तुती नको, लालूच नको, "एवढा एकच घास" तर मुळीच नको. वाचायला हे सोपे वाटते, पण घरात चार मोठी माणसे असतील तर गप्प बसणे हेच सर्वांत अवघड असते.

आपल्या मजकुरात मला खटकले ते दूध. दोन मोठे पेले म्हणजे अर्धा लिटरच्या पुढे जात असेल तर भूक तेथेच भागते. शिवाय दुधात लोह नगण्य असते आणि त्यातील कॅल्शियममुळे इतर अन्नातील लोहही कमी शोषले जाते. दूध दिवसाला ४०० मिलिलिटरच्या आसपास आणावे आणि जेवणाच्या तोंडावर देऊ नये. वरणभातावर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह शरीराला अधिक मिळते. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना शाळेत जंताची गोळी मिळाली होती का, तेही पाहावे.

खाण्याच्या पदार्थांची संख्या आणखी घटत चालली, चावताना किंवा गिळताना ठसका लागू लागला, बद्धकोष्ठता असली, किंवा कपड्यांचा स्पर्श, मोठे आवाज, वास यांचाही तिला असह्य त्रास होत असला, तर मात्र थांबू नये, प्रत्यक्ष दाखवावे. मटकीच्या सालाविषयी आपण लिहिले आहे, त्यावरून तिला चवीपेक्षा पोताचा त्रास होत असावा अशी शक्यता वाटते. मुगाच्या डाळीचे धिरडे करून पाहावे. त्यात साल लागत नाही आणि वेळापत्रकातील कडधान्याचा हेतूही साधतो.

खडूफळा

मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे डब्यांचा प्रश्न जवळपास नाही, कारण दुपारी पोषण आहार असतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने हे त्याचे प्रमाण आहे. घरी मटकीला हात न लावणारी मुले आमच्या पंगतीत मटकीची खिचडी खाताना मी रोज पाहतो, आणि त्यांच्या आयांचा यावर विश्वास बसत नाही. खिचडी काही फार रुचकर असते असे नाही. शेजारचा खातो, वाढणारा आपल्याच वर्गातला असतो आणि खा म्हणून मागे लागायला कोणी नसते, ही माझ्या मते त्याची कारणे आहेत.

त्यामुळे ताई, नावांच्या वहीला माझा विरोध आहे. सहा वर्षांचे मूल स्वतःचा डबा भरत नाही. नाव मात्र त्याचे लागते आणि वर्गात मान खालीही त्यालाच घालावी लागते. कोणाच्या घरी आई पहाटे कामावर जाते, कोणाकडे महिनाअखेरीस भाजी परवडत नाही, कोणाकडे कांदा-लसूण चालत नाही. हे त्या वहीत कोठे लिहिणार?

पालकांची मदत घेण्याची दुसरी रीत आमच्याकडे आहे. २०२२ पासून "पहिले पाऊल" या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. त्यांत वस्तीवरच्या आयांचे गट केले जातात आणि प्रत्येक गटात एक लीडर माता असते. ती कोणाची तपासणी करत नाही, तर घरी मुलांबरोबर काय करता येईल हे इतर आयांना करून दाखवते. आपणही असे सुचवून पाहावे की आठवड्यातून एका दिवशी वर्गात गोल पंगत बसेल, दोन-तीन पालक एखादा पदार्थ थोडा जास्त आणतील आणि मुलेच तो चमचा-चमचा वाढतील. ज्याला नको त्याने "नको" म्हणावे. शेंगदाणे, तीळ, दूध यांची अॅलर्जी कोणाला आहे का, हे मात्र आधी लेखी विचारून घ्यावे.

कायदेपंडित_नाही

कार्यकारी समितीविषयी थोडे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो आणि कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतील एक पालक चिठ्ठीने निवडला जातो. या समितीचे खरे वजन शुल्काच्या प्रस्तावावर मत देण्यात आहे. आमच्या पुण्याच्या शाळेतही असेच झाले: समितीवरील पालकांना स्नेहसंमेलनाचा पडदा, सहलीची बस आणि खाऊची यादी यांत वर्षभर गुंतवून ठेवले गेले, आणि शुल्काचा कागद मात्र बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत सहीसाठी फिरवला गेला. म्हणून सदस्यत्व अजिबात सोडू नये. डबे तपासणे हे समितीचे कायद्याने ठरवून दिलेले काम नाही. तो बैठकीतला एक निर्णय आहे आणि पुढच्या बैठकीत तो बदलता येतो. विषय आधी लेखी द्यावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

अरबट-चरबट खाण्यावर इलाज करायचाच असेल तर मुलांच्या डब्यांपेक्षा फाटकाकडे पाहावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत. आपल्या शाळेच्या उपाहारगृहात काय विकले जाते, हा प्रश्न समितीत कोणी विचारला आहे का?

आजीचा_बटवा

सर्वांचे वाचले. मी सत्तरीची आहे. आमच्या घरी पानात पडेल ते खायचे असा दंडक होता आणि आम्ही कोणी त्याने बिघडलो नाही. प्रत्येक मुलाच्या आवडीप्रमाणे वेगळा स्वयंपाक करू लागले तर आईने दिवसभर ओट्यापाशीच उभे राहायचे काय? शिस्त हवीच. शाळेने वेळापत्रक केले ते योग्यच केले.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. डॉक्टर, दूध मोजून पाहिले. सकाळचा पेलाच तीनशे मिलिलिटरचा निघाला आणि संध्याकाळचा त्याहून थोडा लहान. मोठ्या पेल्याऐवजी आता वाटी ठेवली आहे. मुगाच्या धिरड्याचा तिने कडेचा कुरकुरीत भाग खाल्ला आणि मधला मऊ भाग ठेवला, म्हणजे पोताविषयीचा आपला अंदाज बरोबर दिसतो.

आजी, वेगळा स्वयंपाक मीही करणार नाही. वेळापत्रकालाही माझा विरोध नाही, विरोध नावे लिहिण्याला आहे. आपल्या काळी पानात पडेल ते खाण्याचा दंडक होता, तसे मधल्या वेळी हातात बिस्किटाचा पुडा आणि समोर मोबाईल नव्हता, त्यामुळे पानावर बसताना भूक लागलेली असे. पुढच्या बैठकीसाठी मी दोन विषय लेखी दिले आहेत: वही बंद करून बुधवारची पंगत सुरू करणे, आणि उपाहारगृहातील पदार्थांची यादी मागवणे. मुख्याध्यापिकांनी पंगतीला अनुकूलता दाखवली. दुसरा विषय वाचून त्या काही बोलल्या नाहीत. तोपर्यंत मंगळवारी मी वर्गात बसेन, परंतु वहीत नावे लिहिणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

एक प्रश्न उरतोच. भरवणे आणि मोबाईल बंद करायचे तर ते सासूबाईंना सांगावे लागेल. दिवसभर मुलीला त्याच सांभाळतात, त्यांच्या जिवावर मी नोकरी करते. त्या दुखावल्या जाणार नाहीत अशा रीतीने हे कसे मांडावे?

आजीचा_बटवा

याचे उत्तर मी देऊ शकते, कारण मीही नातवाला अशीच भरवत होते. सुनेने मला "भरवू नका" असे सांगितले असते तर मला राग आला असता. मूल उपाशी राहिले तर तुम्ही दोघे संध्याकाळी येऊन विचाराल, या धास्तीने आम्ही भरवतो. तेव्हा आधी मुलाकडून त्यांना सांगवावे, तुम्ही सांगू नये; आणि त्याने एवढेच म्हणावे, "आई, ती कमी जेवली तर त्याचा जाब तुला कोणीही विचारणार नाही." डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्यावे आणि वाढीचा तक्ता त्यांना दाखवायला सांगावे. गोष्ट मात्र बंद करू नये. ती जेवण झाल्यावर, हात धुऊन मग सांगावी. आणि दुपारी त्यांनी स्वतःचे पान नातीबरोबरच घ्यावे. मी आधी नातवाला भरवून मग एकटी जेवायचे. शेजारी बसून जेवू लागले तेव्हा त्याने माझ्या पानातली भेंडी आपणहून उचलली. डाळीचे पीठ लावून परतलेली होती, रसाची नव्हती.