विषय: लिमरिकची हिरवी जर्सी

प्रेषक: वहिनी, कॅसलट्रॉय

नमस्कार मंडळी,

आम्हाला आयर्लंडमध्ये लिमरिकला येऊन चार महिने झाले. लेक आठ वर्षांचा आहे. वर्गातल्या मुलांबरोबर तोही शनिवारी सकाळी हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, सरावाला जायला लागलाय. परवा त्याने हट्ट धरला, "मला पण हिरवी जर्सी हवी." शेजारच्या आजी कुंपणापलीकडून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "त्याला दोन हजार अठरापासून सांग हो. चौऱ्याण्णवचं नको." म्हणजे काय, ते विचारायच्या आत त्या घरात गेल्या.

लिमरिकच्या या संघाचा इतिहास कोणी नीट सांगेल का? मुलगा विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही. आणि त्याला हर्ली, म्हणजे खेळायची काठी, किती लांबीची घ्यायची, तेही सांगा.

*

प्रेषक: काका, लिमरिक

वहिनी, आजींचं मन मोडतोय, पण मी आधी चौऱ्याण्णवचंच सांगणार. त्याशिवाय अठराची किंमत कळत नाही.

हर्लिंगचे गुण आधी समजून घ्या. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर पॉइंट, त्याचा एक. म्हणजे ३-१६ असं लिहिलं की तीन गोल आणि सोळा पॉइंट, एकूण पंचवीस.

४ सप्टेंबर १९९४. ऑल-आयर्लंड फायनल, म्हणजे काउंट्यांच्या (जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) संघांमधल्या देशपातळीच्या स्पर्धेचा अंतिम सामना. समोर ऑफली. जेमतेम पाच मिनिटं उरली होती आणि लिमरिक पाच गुणांनी पुढे होतं. तिथे ऑफलीच्या जॉनी डूलीने फ्रीवर (फाउलनंतर मिळणाऱ्या फटक्यावर) थेट गोल मारला. पाठोपाठ पॅट ओ'कॉनरचा गोल, मग एकामागून एक पॉइंट. त्या काही मिनिटांत ऑफलीने २-५ मिळवले आणि लिमरिकला एक पॉइंटसुद्धा करता आला नाही. निकाल ऑफली ३-१६, लिमरिक २-१३. मी इथे आलो २००१ साली. ऑफिसमधले लोक जेवणाच्या टेबलावर त्या पाच मिनिटांबद्दल असे बोलायचे, की घरातलं कोणी गेल्याला सात वर्षं झालीत पण सुतक फिटलेलं नाही.

त्यातही एक गोष्ट फार लागते. त्या दिवशी ऑफलीचा व्यवस्थापक होता एमन क्रेगन. हा लिमरिकचाच माणूस. १९७३ साली लिमरिक जिंकलं, तेव्हा फायनलसाठी त्याला आक्रमणातून मागे आणून बचावाच्या मध्यावर उभं केलं होतं आणि त्याने किलकेनीचा मारा थोपवून धरला होता. एकवीस वर्षांनी त्याच्याच हाताखालच्या संघाने त्याच्याच काउंटीला हरवलं.

१९७३ नंतर चषक आलाच नाही. १९७४, १९८०, १९९४, १९९६, २००७, पाच फायनल हरले. १९९६ ला तर वेक्सफर्डचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर काढला गेला होता, तरी दोन गुणांनी हरले. २००७ ची मी स्वतः पाहिली. किलकेनीने पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोल केले आणि आमच्या खोलीतलं बोलणं थांबलं ते थांबलंच.

आता १९ ऑगस्ट २०१८. समोर गतविजेतं गॉलवे. मी गावातल्या पबमध्ये उभ्याने पाहत होतो. सत्तर मिनिटं संपत आली तेव्हा लिमरिक आठ गुणांनी पुढे, आणि पंचांनी वरून आठ मिनिटं दिली. कॉनर व्हीलनचा गोल झाला. मग जो कॅनिंगने फ्रीवर दुसरा मारला. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पडद्याकडे पाठ केली, टोपी काढून मुठीत धरली आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. दर अर्ध्या मिनिटाला मला विचारायचे, "किती?" मी सांगायचो, "दोन." मग, "एक." शेवटी कॅनिंगने खूप लांबून फ्री मारली. बरोबरीला एकच पॉइंट हवा होता. चेंडू गोलासमोरच्या गर्दीत पडला आणि त्या गर्दीतून टॉम कॉन्डन तो घेऊन बाहेर आला. शिट्टी वाजली. म्हाताऱ्यांनी पडद्याकडे तोंड वळवलंच नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांचे खांदे हलत होते.

लिमरिक ३-१६, गॉलवे २-१८. आकडा बघा वहिनी. १९९४ ला ज्या ३-१६ ने हरवलं, त्याच ३-१६ ने पंचेचाळीस वर्षांनी चषक घरी आणला.

*

प्रेषक: ताई, किलकेनी

काकांचं वाचून मलाही भरून आलं, तरी लेकाला पूर्ण हिशेब सांगा. ऑल-आयर्लंड विजेतेपदं किलकेनीची ३६, कॉर्कची ३०, टिपरेरीची २९. लिमरिकची १२. सलग चार वेळा जिंकणं कॉर्कने १९४१ ते ४४ मध्ये केलं, आमच्या संघाने २००६ ते ०९ मध्ये. लिमरिक तिसरं.

पण जे आहे ते मान्य करते. २०२३ ची फायनल मी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये बसून पाहिली. मध्यंतराला किलकेनी पुढे होतं. नंतर लिमरिकची मुलं साठ-साठ मीटरवरून पॉइंट मारत सुटली, डावीकडून, उजवीकडून. लिमरिक ०-३०, किलकेनी २-१५. एकही गोल न करता नऊ गुणांनी जिंकले. आमच्या रांगेतले काळ्या-पिवळ्या जर्सीतले लोक शेवटी उभं राहून टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

*

प्रेषक: मावशी, डूराडॉइल

मधली वर्षं मी सांगते.

मी नर्स आहे. १३ डिसेंबर २०२० ला माझी दिवसपाळी होती. कोविडमुळे क्रोक पार्कमध्ये एकही प्रेक्षक नव्हता. वॉर्डात भेटायला येणाऱ्यांना बंदी होती. एका पेशंट आजोबांचा टॅब्लेट मी उशीला टेकवून लावून दिला. रिकाम्या स्टेडियममुळे खेळाडूंचं एकमेकांना हाका मारणं आणि हर्लीवर हर्ली आपटल्याचा खट्ट आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आजोबा म्हणाले, लहानपणी गावच्या मैदानावर असाच ऐकू यायचा. वॉटरफर्डला ०-३० विरुद्ध ०-१९ असं हरवलं. गरोड हेगार्टीने एकट्याने सात पॉइंट मारले. मी पीपीईमध्ये होते, त्यामुळे आजोबांना माझा चेहरा दिसला नाही, पण हात हातात घेता आला.

पुढच्या वर्षी कॉर्कविरुद्ध ३-३२. मध्यंतरालाच ३-१८ झाले होते, तिथेच सामना संपला म्हणा. २०२२ ला किलकेनीशी दोन गुणांचा निसटता विजय, मग २०२३. सहा वर्षांत पाच चषक. २०२४ च्या उपांत्य फेरीत कॉर्कने सलग पाचव्याचं स्वप्न मोडलं.

लेकाला हेही सांगा, की यांतल्या कोणालाही पगार नाही. सोमवारी सगळे आपापल्या कामावर. व्यवस्थापक जॉन कायली स्वतः एका शाळेचे मुख्याध्यापक. जिथे वाढलास तिथल्या पॅरिशचा (चर्चच्या हद्दीतल्या गावाचा) क्लब आणि त्या काउंटीची जर्सी, खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. म्हणून या विजयांच्या वेळचा कर्णधार डेक्लन हॅनन, त्याला लोक "आमचा अडेअरचा" म्हणतात. २०२३ ला तो जखमी होता, फायनल खेळला नाही, तरी चषक उचलायला त्याच्या जागी कर्णधार असलेल्या कीअन लिंचने त्याला बरोबर वर नेलं.

*

प्रेषक: काका, लिमरिक

ताई, बारा हा आकडा मला लहान वाटत नाही. पहिला १८९७ चा. ऑल-आयर्लंड विजेत्याला लियम मॅकार्थी चषक द्यायला सुरुवात झाली १९२१ च्या स्पर्धेपासून आणि तो पहिल्यांदा जिंकला लिमरिकनेच. देशात इतकी धामधूम होती की ती फायनल १९२३ च्या मार्चमध्ये खेळली गेली.

आणि लिमरिकचा जुना खेळाडू मिक मॅकी राहिला. कॅसलकॉनलचा, अहेन क्लबचा. १९३४, १९३६, १९४० अशी तीन विजेतेपदं, शेवटच्या दोन्हींना कर्णधार. १९३६ च्या मन्स्टर (आपला प्रांत) फायनलला त्याचा एक गुडघा दुखावलेला होता, तर सांगतात की त्याने पट्टी बांधली दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याला. टिपरेरीवाले धक्के देत राहिले पट्टीवर. त्या दिवशी त्याने ५-३ मारले. कॅसलकॉनलला त्याचा पुतळा आहे, लेकाला जरूर न्या.

आता हर्लीचं. बाजूला उभी धरल्यावर कंबरेच्या हाडापर्यंत आली पाहिजे. आठ वर्षांच्या मुलाला २६ नाहीतर २८ इंची पुरते. वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेऊ नका, मनगट वळत नाही. खालच्या रुंद पात्याभोवतीची पत्र्याची पट्टी घट्ट बसलीय ना, तेवढं बघा. आणि एक महत्त्वाचं, आपली मुलं इथे हमखास चुकतात. उजव्या हाताचा असेल तर उजवा हात वर. बॅटच्या बरोब्बर उलटं.

*

प्रेषक: वहिनी, कॅसलट्रॉय

काका, ताई, मावशी, तिघांचे मनापासून आभार. सगळं त्याला वाचून दाखवलं. मॅकीच्या गुडघ्याच्या पट्टीची गोष्ट तीनदा ऐकली.

तो खरंच डावा हात वर धरत होता. रात्री परसात हात बदलले, पहिले दहा-बारा चेंडू कुठेही गेले, मग एक सरळ कुंपणावरून आजींच्या गुलाबांत. आणायला गेला तर आजींनी चेंडू दिला आणि त्याची पकड बघितली. म्हणाल्या, "आता बरोबर." मग चहाला बसवून त्यांनी स्वतःच चौऱ्याण्णवचं सांगितलं. त्या दिवशी त्या क्रोक पार्कात होत्या, यजमानांबरोबर. यजमान २०१७ ला गेले.

शनिवारी सरावानंतर आम्ही कॅसलकॉनलला जातोय. आजी येणार आहेत. गाडीत एक जागा रिकामी आहे, काका येता का?