खलनायिका आई असेल तर खोक्यावर कुठलं वय छापायचं?

सातूचं पीठ
लेक आठ वर्षांची. मावसबहिणीचा जुना थ्रीडीएस (हातात धरून खेळायचं निन्टेंडोचं यंत्र) तिच्याकडे आलाय, त्यात २०१६चा 'पोकेमॉन सन'. आम्ही अमेरिकेत, त्यामुळे खोक्यावर ईएसआरबीचा, म्हणजे इथे खेळांना वयाचे शिक्के देणाऱ्या संस्थेचा 'ई', म्हणजे सर्वांसाठी. खाली बारीक अक्षरात किरकोळ कार्टून मारामारीची नोंद. मी निर्धास्त पोळ्या लाटत होते.

परवा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, लिलीची आई म्हणाली, मला मुलंच नाहीत. असं म्हणता येतं?"

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: लूसामीन ही त्यातली खलनायिका, लिलीची आई. पोकेमॉनना आसरा देणाऱ्या संस्थेची अध्यक्ष, गोड बोलणारी, पांढरेशुभ्र कपडे. खासगी खोलीत मात्र आवडते पोकेमॉन गोठवून मांडून ठेवलेले. पोटची दोन्ही मुलं घर सोडून गेलेली, कारण आईचं प्रेम 'सुंदर' आणि आज्ञाधारक असेपर्यंतच. रक्ताचा थेंब नाही, शिवी नाही. मग हा 'ई' कशाच्या जोरावर? खलनायिका मला आवडली, हे आधीच सांगते. खेळावर राग नाही, शिक्क्यावर आहे.

घाटावरचा
ताई, होळीला लेकीला हिरण्यकश्यपूची गोष्ट सांगितलीच असेल ना? सख्खा बाप पोराला कड्यावरून लोटतो, हत्तीच्या पायी देतो, बहिणीच्या मांडीवर बसवून जाळायला निघतो. शेवटी नरसिंह उंबऱ्यावर त्याचं पोट फाडतो. हे आपण चार वर्षांच्या पोराला वरणभात भरवता भरवता सांगतो. तिथे कुणी वय विचारलं? खलनायक भेसूर नसेल तर तो हरल्यावर मुलं नाचतील कशाला! उगाच काळजीचं दळण.

सातूचं पीठ
सांगितली की. पण तेव्हा आजी तिला मांडीवर घेऊन बसली होती. हत्ती आला तशी पोरीचा चेहरा बघून आजीने हत्ती दोन वाक्यांत उरकला आणि थेट खांबापाशी पोचली. थ्रीडीएस चेहरा बघत नाही. शिवाय हिरण्यकश्यपू राक्षस आहे हे पहिल्याच वाक्यात कळतं. ही बाई शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणी म्हणून शोभेल.

टेस्टरबाबा
गेम टेस्टिंगमध्ये पोट भरतो, म्हणून थोडं पाल्हाळ. ईएसआरबी सुरू झालं १९९४ मध्ये. आदल्या वर्षी 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या खेळांवरून अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या होत्या. तिथे मुद्दा होता मुंडकं कण्यासकट उपटण्याचा. त्यामुळे मोजपट्टीही त्याच घराण्यातली: रक्त, शिव्या, कपडे, दारू, जुगार. कंपनी प्रश्नावली भरते, सगळ्यात टोकाच्या प्रसंगांचा व्हिडिओ देते, परीक्षक तो बघतात. "मला मुलंच नाहीत" हे वाक्य त्यातल्या कुठल्या रकान्यात टाकायचं, सांगा.

'झेल्डा' मालिकेतले दोन खेळ शेजारी ठेवा. 'मेजोराज मास्क' (२०००): आकाशात दात विचकणारा चंद्र, तीन दिवसांत तो गावावर पडणार, आणि ते माहीत असलेली माणसं. मिळाला 'ई'. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'ला (२००६) 'टी', म्हणजे तेराच्या पुढे. झोप उडवणारा कोणता म्हणाल तर माझ्या मते पहिलाच. मधली 'दहाच्या पुढे' ही पायरी २००५ मध्ये आली आणि मेजोराची २०१५ची नवी आवृत्ती तिच्यावर जाऊन बसली. चंद्र तोच!

युरोपातली अशीच शिक्के देणारी पेगी निदान भीतीसाठी आठ पायांच्या कोळ्याचं चित्र छापते. दुःखासाठी चित्र तिच्याकडेही नाही.

खवचटखान
पेगीचं नाव काढलंत म्हणून. 'बलाट्रो' हा पत्त्यांचा खेळ, २०२४चा. पैसे लावायची सोयच नाही, पोकरची पानं जुळवायची आणि गुण मिळवायचे. पेगीने थेट १८चा शिक्का मारला. अपील झालं तेव्हा कुठे २०२५ मध्ये १२वर आले. म्हणजे जोकर बघून पोर बिघडतं, आईने झिडकारलेलं बघून नाही. गणपतीत रात्र रात्र पत्ते कुटणाऱ्या आमच्या कोकणातल्या घरावर १८ची पाटी लावावी म्हणतो.

भोचकभवानी
नव्या शिक्क्याला माझा कडक विरोध. 'मानसिक छळ' असा शिक्का निघाला की कंपन्या खलनायिकाच मऊ करून टाकतील. लूसामीनचंच बघा. याच खेळाच्या २०१७च्या 'अल्ट्रा सन' आवृत्तीत तीच बाई जग वाचवायला निघते. (रेटिंगमुळे तसं केलं असं म्हणत नाहीये.) पण परिणाम काय? लिलीचं बंड पार मिळमिळीत झालं. आईच्या डोळ्याला डोळा भिडवायची गरजच उरली नाही, तर पोरगी मोठी कशी होणार?

आणि एक कडू बोलते. मी शिक्षिका आहे. असं बोलणाऱ्या आया असतात, बाप तर असतातच. ते वाक्य नवं नाही अशी दोन-तीन मुलं दरवर्षी माझ्या वर्गात बसलेली असतात. त्यांना ती बाई हरताना दिसू दे की.

सातूचं पीठ
हे मला सुचलं नव्हतं. पण मी बंदी कुठे मागतेय? एक ओळ मागतेय. 'पालकाकडून मुलांचा छळ', बस. वाचून मी शेजारी बसले असते, पोळ्या नंतर.

घाटावरचा
आणि त्या एका ओळीत सगळं गुपित फुटलं! ही बाई कुणाची आई हे कळायला तासन् तास खेळावं लागतं, तुम्ही ते खोक्यावर छापायला निघालात.

शिवाय इथे खोकं बघतंय कोण? पुण्यात माझ्या भाच्याचे सगळे खेळ मोबाइलवर. सिनेमाला आता यूए ७+, १३+, १६+ अशा पायऱ्या झाल्या, गेमसाठी तसं सरकारी मंडळ नाही. प्ले स्टोअरवरचा ३+ किंवा ७+ हा गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीतून निघतो. पोराने स्वतःच प्रगतिपुस्तक भरावं तसं.

टेस्टरबाबा
गुपिताच्या बाबतीत घाटावरच्यांशी सहमत, हे लिहिताना हात थरथरतोय. पण मग आकड्याच्या शेजारी कोळी तरी द्या. घाबरणार की नाही एवढं कळतं, कशाला ते कळत नाही.

सातूचं पीठ
कोळी चालेल.

ताजी खबर: काल लिलीने आईने निवडलेला पांढरा झगा टाकून स्वतःचे कपडे घातले, केस वर बांधले आणि आईला गाठायला निघाली. आमची लेक काही न बोलता उठली आणि माझ्याकडून रबरबँड घेऊन गेली. रोज वेणी मी घालते. कालची पोनी तिची तिने बांधली, चांगलीच वाकडी. लूसामीनशी शेवटची लढाई शनिवारी ठेवलीय. मला हुकूम सुटलाय: शेजारी बसायचं, पण मध्ये बोलायचं नाही.