अंगठ्याला हात लावला, जाणवलं अनामिकेला
बोटाची जखम झाकायला दुसरीकडची कातडी रक्तपुरवठ्यासकट आणून लावतात, तो फ्लॅप. ‘फ्लॅप नीट लागला की स्पर्श आपोआप परत येतो’ असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. फ्लॅप जगतो रक्तपुरवठ्यावर, स्पर्शाचं गणित वेगळं. माझ्या तर्जनीच्या टोकाला मधल्या बोटाच्या पाठीवरची कातडी लावली होती. दोन्ही बोटं तीन आठवडे एकमेकांना शिवलेली, मग सोडवली. दिसायला झकास! पण शर्टाचं बटण बोटात धरलंय की सुटलंय, ते बघितल्याशिवाय कळेना. थेरपिस्ट पेपरक्लिप उलगडून तिची दोन टोकं टेकवायच्या आणि विचारायच्या, ‘एक की दोन?’ चांगल्या बोटाला ४-५ मिमी अंतरावरची टोकंही वेगळी कळतात. मी १० मिमीलाही छातीठोकपणे ‘एक’ म्हणत होतो. अशा फ्लॅपला स्वतःची नस (स्पर्श मेंदूकडे नेणारा मज्जातंतू) नसते, कडेने तंतू शिरतील तेवढीच जाणीव. तीही सावकाश, कारण नस वाढते दिवसाला साधारण १ मिमी.

मग नसेसकटच फ्लॅप का नाही लावत? लावतात. पण लिटलर फ्लॅपमध्ये अनामिकेच्या किंवा मधल्या बोटाच्या कडेची कातडी नस-रक्तवाहिनीसकट अंगठ्यावर आणली, की अंगठ्याला झालेला स्पर्श बऱ्याच जणांना जुन्या बोटातच जाणवतो. मेंदूतला त्या नसेचा पत्ता बदललेला नसतो ना! म्हणून काही सर्जन ती नस कापून अंगठ्याच्याच नसेला जोडतात. आणि मेंदूला स्पर्श पुन्हा शिकवायला डोळे मिटून कापूस, खरखरीत कागद, नाणं ओळखायचा कंटाळवाणा सराव आहे ना, तो टाळू नका. मी दोन महिने टाळला होता.