अनुभव धागा: तुमच्या एचओएने (अमेरिकेतल्या कॉलनीची घरमालक संघटना, आपल्या सोसायटीसारखी) काय काय काढायला लावलं?

शेजारच्या तेलुगू काकूंना काल मागच्या अंगणातल्या दोरीवर साड्या वाळत घातल्या म्हणून पत्र आलं आणि मला एकदम आमची ऑर्लँडोतली पहिली दिवाळी आठवली. बाबा आले होते, काड्या तासून पतंगी कागदाचा कंदील केला त्यांनी, खळ पण घरीच शिजवली. आपल्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात ना, पण मधेच दंडाची नोटीस. बाबा काही न बोलता खुर्चीवर चढून कंदील उतरवायला लागले. अजून राग जात नाही माझा. आता फ्लोरिडात 2024 च्या कायद्याने आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर आठवडा उलटूनही सजावट तशीच असेल तरच दंड. काकूंची दोरी पण रस्त्यावरून, शेजारून दिसत नसेल तर मनाई करता येत नाही. तुमचंही लिहा.

मेथीची जुडी
आमची भाजी!! पुढे लावलेली मिरची, वांगी सगळी उपटायला लावली. पुढच्या अंगणातल्या भाजीवर बंदी घालू न देणारा 2019 चा कायदा नगरपालिकांसाठी आहे, एचओएला लागू नाही. मागे चालतं पण गोल्फ कोर्सवरून दिसायला नको आणि आमच्या मागे गोल्फ कोर्सच आहे 😭 कढीपत्ता तेवढा वाचला, कोपऱ्यात आहे

सायली_अटलांटा
@मेथी कढीपत्त्याचं रोप पाठवशील का गं?

मेथीची जुडी
नाही गं, संत्र्यांच्या ग्रीनिंग रोगामुळे फ्लोरिडाबाहेर न्यायला बंधनं आहेत. इकडे आलीस की पोटभर कढी खाऊन जा

डॅलसकर
टेक्सासात 2011 च्या कायद्याने दारावरच्या धार्मिक वस्तूंना संरक्षण होतं पण फक्त 25 चौरस इंचांपर्यंत, आता त्यात तोरण कसं मावणार सांगा. 2021 ला ती मर्यादा गेली. सासूबाईंनी मोत्यांचं तोरण पाठवलंय, बारा महिने असतं दाराला

कोथरूडची मावशी
मी सोसायटीच्या बाजूने बोलणार हं. आमच्या मजल्यावर चपलांचं कपाट, सायकली, एकाचं तर जुनं वॉशिंग मशीन. यांना छातीत दुखलं तेव्हा स्ट्रेचर वळेना, शेवटी चादरीत धरून खाली नेलं. घरात काय ते ठेवा, जिना आणि पॅसेज सगळ्यांचा आहे

सायली_अटलांटा
बापरे मावशी. काका बरे आहेत ना आता?

कोथरूडची मावशी
हो गं, रोज टेकडी चढतात

टँपावाला
धागाकर्ती, काकूंना सांगा घाबरून लगेच दंड भरू नका. फ्लोरिडात दंड लावायच्या आधी 14 दिवसांची नोटीस आणि सुनावणी लागते, आणि सुनावणी घेणारी कमिटी एचओएच्या बोर्डाच्या लोकांची किंवा त्यांच्या नातेवाइकांची चालत नाही, निदान तिघे वेगळे सभासद लागतात. पत्रात नियमाचा नंबर दिलाय का?

धागाकर्ती
नाही दिलेला, नुसतं "दोरी काढा" आहे. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन उत्तर लिहून देते