अंगदान, अवयवदान आणि आत्याचं 'आंग'

झिरो माईल
एक पत्रक मराठीत करून देते आहे, ३ ऑगस्टच्या अवयवदान दिनासाठी. मूळ हिंदी आहे, त्यात सगळीकडे 'अंगदान'. मी जन्माची नागपूरकर, कानाला सवय, म्हणून मीही 'अंगदान'च ठेवलं. पुण्याच्या मुद्रितशोधक बाईंनी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारून 'अवयवदान' केलं. मी फुरंगटले. उमरेडहून आत्या आली होती, म्हटलं तिलाच वाचून दाखवू. 'अंगदान' ऐकून ती म्हणाली, "पूर्ण आंगच देऊन टाकाचं का? मंग जाळाचं काय?" 'अवयवदान' ऐकून म्हणाली, "हे पोट्ट्याईच्या पुस्तकातलं हाय." काय ठेवू? परवा छापायला जायचं आहे.

पेठेतला
आत्याबाईंना दंडवत. मराठीत अंग म्हणजे अख्खं शरीर. अंग दुखतं, अंगाला तेल लावतो, अंगभर कपडे घालतो. मूत्रपिंड, यकृत हे अवयव. त्या म्हणताहेत ते देहदान, ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला करतात. १९९४ चा कायदाही हिंदीत 'मानव अंग' म्हणतो आणि मराठीत 'मानवी अवयव'. विषय संपला. नागपूरकरांनी हिंदीतून काय काय उचलावं याला काही धरबंध?

सावजी रस्सा
विषय कायले संपते? अमरकोशात अंग आणि अवयव एकाच ओळीत समानार्थी दिले आहेत. 'दिव्यांग' पुण्यात चालतं ना? तिथे अंग म्हणजे शरीर घेता का? आणि उचलण्याबद्दल म्हणाल, तर १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी-मराठी दोन्ही राजभाषा. आम्ही हिंदी उचलली नाही, ती घरातच होती.

पेठेतला
'दिव्यांग' मी वापरत नाही.

काथ्याकूट
संस्कृतातही इतकं सोपं नाही. शाळेत 'येनाङ्गविकारः' घोकलं असेल, डोळ्याने काणा, पायाने लंगडा. तिथल्या 'अङ्ग'चा अर्थ टीकाकार शरीर असा घेतात. म्हणजे आत्याबाई पाणिनीच्या बाजूच्या. (संस्कृत पेपरात मला काठावर पास केलं होतं, तरी एवढं आठवतं.)

पांढरा कोट
शरीर की अवयव, या दोन्हींत न बसणारं तिसरं अंग आहे. मी साताऱ्याची, इंटर्नशिप नागपुरात केली. पहिल्याच आठवड्यात पन्नाशीची एक बाई आली. "मॅडम, आंग बाहेर येते." मला वाटलं अंगावर काही उठतंय, म्हणून बाह्या वर करून बघायला लागले. शेजारच्या सिस्टरनी मला पडद्यामागे ओढलं आणि कानात सांगितलं, पिशवी खाली येते. गर्भाशय. पाठोपाठ बाळंतपणं, त्यानंतर लगेच शेतातली ओझी, आधाराचे स्नायू सैल पडतात. अकरा वर्षं ती बाई ते अंग हाताने आत ढकलून निंदण करत होती.

मग मी हुशार झाले. पुढच्या महिन्यात एक आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली, "लेकराचं आंग बाहेर येते." आता? मुलगा! हगवणीने खंगलेला, कुंथून कुंथून गुदाचा भाग बाहेर आलेला. शब्द तोच.

'अंगावरून जातं' म्हणजे पांढरं की लाल, हे विचारावंच लागतं. पाळीतलं जास्त की मधल्या दिवसांतलं, हेही. बाळ 'अंगावर पितं' म्हणजे आईचं दूध. 'अंग धरत नाही' म्हणजे वजन वाढत नाही, 'अंगी लागत नाही' म्हणजे खाऊनही वाढत नाही. 'अंगात कसर आहे' म्हटलं की थर्मामीटर लावायचा. आणि एका बाईंचं वाक्य माझ्या वहीत अजून आहे: "अंगावरून जात होतं, ते मी अंगावरच काढलं." यातलं पहिलं अंग परीक्षेत विचारतात, दुसरं कोणी विचारत नाही.

गोंदियाकर
माझ्या आजोबांच्या 'अंगावरून वारं गेलं' होतं. लहानपणी मला वाटायचं की त्यांनी पंखा बंद केला असता तर बरं झालं असतं. आमच्याकडे 'लकवा मारला' असंही म्हणतात.

काथ्याकूट
वारं म्हणजे वायू, अंग म्हणजे अंग. 'अर्धांगवायू' हे त्याचंच सोवळं नेसलेलं रूप आहे की! शुद्ध-अशुद्धवाल्यांनी ठरवा, कोणी कोणाचं भाषांतर केलं.

पेठेतला
अर्धांगवायूत 'अर्ध' आहे, ते महत्त्वाचं. कुठली बाजू गेली हे वाऱ्यावर सोडून चालत नाही. लकव्याबद्दल बोलतच नाही.

सावजी रस्सा
बाजूलाही अंगच म्हणतात ना भाऊ? 'उजव्या अंगाला वळा.'

पांढरा कोट
माझं म्हणणं राहूनच गेलं. बायकांच्या तोंडी अंग एक तर सगळं शरीर असतं, नाही तर नेमका तो भाग, ज्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही. हात, पाय, मूत्रपिंड, यकृत कधीच नाही. वॉर्डात एक आजी 'अंगदान'चा फलक बघून सुनेला विचारत होती, "आता पिशवी पण मागून राहिले का हे?" त्यामुळे झिरो माईल, तुमच्या शब्दापुढे दोन अर्थ आ वासून उभे आहेत, आणि तुम्हाला हवा तो त्यात नाही.

झिरो माईल
हे आत्याला वाचून दाखवलं. आधी पदर तोंडाला लावून हसली, मग म्हणाली, "तिच्या सासूनं तिले अकरा वर्षं दवाखान्यात नेलं नाही का?" मग बराच वेळ गप्प. नंतर विचारलं, "डोये देता येतात का माह्या वयात?" येतात ना?

पांढरा कोट
येतात. वयामुळे अडत नाही, चष्मा असला किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. फक्त मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवायचं, तोवर पापण्या मिटून ठेवायच्या आणि पंखा बंद. जाळायचं राहत नाही, हे सांगा त्यांना.

गोंदियाकर
पंखा शेवटी बंदच करायचा होता तर!

अंगणवाडी
उशिरा आले. 'अंग'वरून आठवलं, आंघोळ म्हणजे अंग + ओल, असं माझे वडील ठामपणे सांगायचे. आणि अंगण, अंगारा, अंगठा हे सगळं एकाच घरातलं.

काथ्याकूट
अंगारा अंगारातून आला, त्याचा अंगाशी संबंध कपाळाला लावण्यापुरता. अंगठा अंगुष्ठावरून. आंघोळीतल्या 'घ'चं काय करायचं, ते वडिलांना विचारा. 'अपंग'बद्दल मात्र माझी खात्री नाही: अप + अंग, की पंगूला चिकटलेला अ?

सावजी रस्सा
पंगू! पंगूच आहे!

पेठेतला
अजिबात नाही. सविस्तर लिहितो, रात्री.

झिरो माईल
लोकहो, पत्रक उद्या सकाळी जातंय. अंगदान की अवयवदान?

अंगणवाडी
आंघोळीतला 'घ' मधे घुसला असेल, त्यात काय एवढं. 'सिंह'चा उच्चार आपण 'सिंव्ह' करतोच ना?