फॉयरमान मोठा, की लवकर गेला म्हणून मोठा?

खर्जातला सा
परवा इथेच एकाने लिहिलं, 'चेलोवादक इमानुएल फॉयरमान एकोणचाळिसाव्या वर्षी गेला म्हणून त्याचं देव्हाऱ्यात बसवणं चाललंय. चेलो, म्हणजे ते व्हायोलिनचं थोरलं, खर्जातलं भावंड, वाजवावं तर पाब्लो कासाल्सने, बाकीचे तळटिपेत.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. अहो, आजच्या युक्रेनमधल्या कोलोमियाचं हे पोर १९१४ साली, मिसरूड फुटायच्या आधी, व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर हायडनची रचना वाजवून गेलं. सोळाव्या वर्षी जर्मनीत कलोनला शिकवायला, १९२९ला बर्लिनच्या होखशूलमध्ये, म्हणजे संगीत महाविद्यालयात, प्राध्यापक. हे सगळं मरणाच्या आधीचं हो! संचालक ऑर्मंडीबरोबरचं १९४०चं, रिचर्ड श्ट्राउसचं 'डॉन किहोते' काढा आणि शेवट ऐका. त्यातला नायक, म्हातारा किहोते, मरतो तेव्हा चेलोचा सूर घसरत खाली येतो. भलेभले तिथे हंबरडा फोडतात. हा नुसता श्वास सोडतो.

वडाची पार
ती पोस्ट माझीच. बाखचे सहाही सुइट, म्हणजे एकट्या चेलोसाठीच्या रचनामाला, कासाल्सने १९३६ ते ३९मध्ये रेकॉर्ड केले. तुमच्या फॉयरमानचा असा संच दाखवा, मी चपला काढून ऐकतो. लोकांना खरं आवडतं ते मरण. मूळव्याधीचं ऑपरेशन, पोटात जंतुसंसर्ग, २५ मे १९४२ला खेळ खलास. पुढे शवपेटीला खांदा द्यायला तोस्कानिनीसारखा नामांकित वाद्यवृंद-संचालक. दंतकथेला आणखी काय लागतं?

सासवडचा जावई
मूळव्याधीला मुळात ऑपरेशन करायचंच कशाला? आमच्या सासऱ्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं, बिल बघून माणूस टेबलावरूनच उठला. तीन महिने सुरण, ताक आणि त्रिफळा. आता सकाळी गड चढतात.

निवृत्त सर्जन
जावईबापू, पेरिटोनायटिस, म्हणजे पोटातला तो जंतुसंसर्ग, सुरणाने बरा होत नाही. अमेरिकेत पेनिसिलिनने पहिली रुग्ण वाचली ती १९४२च्या मार्चमध्ये. दोनच महिन्यांनी हा गेला. औषध तेव्हा थेंबाथेंबाने मिळत होतं. आज त्याच संसर्गाला आम्ही हातात प्रतिजैविकं घेऊन भिडतो.

सासवडचा जावई
म्हणजे चूक कापण्यात, आणि दोष औषध नसण्याला! तुमच्या धंद्याचं हे नेहमीचंच.

निवृत्त सर्जन
धंदा? पस्तीस वर्षं रात्री-अपरात्री उठलोय. सुरण शिजवून कुणी उठत नाही.

तिसरी तार
काकालोक, धागा चेलोचा आहे की भाजी मंडईचा? मी तीन वर्षं चेलो शिकले. उंच सुरांसाठी अंगठा तारेवर आडवा टाकावा लागतो. कातडी सोलवटते आणि सूर हमखास चिरकतो. तिथे फॉयरमान व्हायोलिनसारखा सहज हिंडतो. व्हायोलिनवादक हायफेट्झबरोबरचं ब्राम्सचं 'डबल', म्हणजे व्हायोलिन-चेलोची जोडरचना, ऐकताना हे वाद्य अवजड आहे हेच विसरायला होतं. कासाल्स मोठेच, पण आमच्या अंगठ्याला विचारा.

कोथरूडकर
वाजवणं ठीक, पण फॉयरमानचं नाव निघालं की दरवेळी 'ज्यू कलावंत, ज्यू कलावंत' कशाला? सूर सूर असतो.

खर्जातला सा
कारण १९३३च्या एप्रिलमध्ये नाझींच्या बर्लिनने त्याला सुरावरून नाही काढलं, ज्यू म्हणून काढलं. व्हायोलावादक हिंडेमिथ आणि व्हायोलिनवादक गोल्डबर्गबरोबरचं त्याचं त्रिकूटही त्या वाऱ्यात उधळलं. १९३८ला अमेरिका गाठली, हाताशी चारच वर्षं उरली. त्या चार वर्षांत बाखचे सहा सुइट का नाही बसवले म्हणून हजेरी घेता? आणि आकाशवाणीची ती पहाटेची धून आठवा. ती बांधणारा वॉल्टर काउफमानही असाच ज्यू, १९३४ला मुंबईला आला. सूर सूर असतो तर या माणसांना घरं का सोडावी लागली?

कोथरूडकर
बरं, रागावू नका. विचारलं फक्त.

वडाची पार
काल रात्री त्याने वाजवलेली द्वोर्झाकची चेलो आणि वाद्यवृंदाची रचना लावली, १९२८-२९ची बर्लिनची ध्वनिमुद्रिका. खरखर एवढी की जणू कुणी शेजारी पापड भाजतंय. दुसरा भाग मात्र परत लावला. परत म्हणजे तीनदा. वाजवतो बरा. कासाल्सच्या खालोखाल धरा हवं तर.

खर्जातला सा
'बरा'! पुण्याकडून एवढं मिळालं, फॉयरमान धन्य झाला.

सासवडचा जावई
सासरे विचारतायत, ते सर्जन काका सध्या कुठे बसतात? तसं काही नाही, सहज.