समुद्रात मोठा जीव भेटला तेव्हा होडीवर काय झालं? अनुभव लिहा

होडीने जाणारे, गरवायला बसणारे, जाळ्यावर जाणारे, मोठ्या जहाजांवर नोकरी करणारे, सगळ्यांसाठी हा धागा आहे. व्हेल, व्हेल शार्क, डॉल्फिन, पाकट, मुशी, कासव, जे काही अचानक शेजारी आलं असेल त्याबद्दल लिहा. विनंती एवढीच की आकार सांगून थांबू नका. त्या चार-पाच मिनिटांत कोण काय ओरडलं, इंजिनाचं काय केलं, जाळ्याचं काय केलं, ते सविस्तर येऊ द्या. उद्या दुसऱ्या कुणावर तीच वेळ आली तर त्याच्या उपयोगी पडेल ते हेच.

सुरुवात माझ्यापासून करतो. निवतीच्या दीपगृहाच्या बाहेरच्या अंगाला, जानेवारीत, काकांबरोबर सुरमईला गेलो होतो. वारा पडलेला. लांबवर पक्षी पाण्यात सुळकांड्या मारत होते आणि खाली तारलीचा थवा असा वर आला होता की तेवढं पाणी उकळतंय असं वाटावं. सुरमई अशा थव्याखालीच असते, म्हणून मी होडी तिकडे वळवायला लागलो. काकांनी माझा हात धरला. "आत जाव नको. भायरच रव."

आम्ही बाहेर थांबलो आणि थोड्याच वेळात त्या थव्याच्या मधोमध पाणी फुटलं. आधी वरचा जबडा, मग खालचा, आणि त्याखाली गळ्याच्या फुगलेल्या वळ्या. पाण्यासकट सगळा घास घेऊन ते अंग आडवं पडलं. मग वळून आमच्या बाजूने वर आलं आणि श्वास सोडला. आवाज छातीत बसला आणि सडक्या मासळीचा वास तोंडावर आला. डोक्यावर जबड्याच्या टोकापासून मागे जाणारे तीन उंचवटे मला स्पष्ट दिसले. ती ब्रायडीज व्हेलची खूण, हे नंतर अभ्यासकांकडून कळलं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापुढे हे व्हेल असल्याच्या नोंदी आहेत, ब्लू व्हेलच्याही आहेत.

काकांनी इंजिन बंद केलं नाही. गिअर काढून नुसतं चालू ठेवलं. त्यांचं म्हणणं, पंखा फिरत नसला की त्याला इजा नाही, आणि इंजिनाचा आवाज चालू असला की आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. थव्यात शिरलो असतो तर तो घास आमच्या होडीखालून वर आला असता. व्हेल माणसाच्या वाटेला जात नाही हे खरंच, पण तोंड उघडून वर येताना त्याला होडी दिसेलच असं नाही. पक्षी बुडत असतील तिथे कडेने जा, मधून जाऊ नका.

सातपाटी

आमच्या जाळ्यात व्हेल शार्क आला होता. रात्रीची गोष्ट. सरंग्याचं जाळं ओढायला घेतलं तर एका ठिकाणी ते येईचना. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणाला खडकाला अडकलं असेल, पण तिथे खडक नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बॅटरी मारली तर पाण्याखाली पांढरे ठिपकेच ठिपके. पाठीवर ओळीने, पट्ट्यांच्या मधे मधे. होडीच्या निम्म्यापेक्षा लांब.

पहिल्यांदा बघणारा हमखास त्याला व्हेल समजतो. शेपटीकडे बघा. उभी शेपटी म्हणजे मासा, आडवी शेपटी म्हणजे व्हेल किंवा डॉल्फिन. हा जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि तो पाणी गाळून बारीक जीव खातो. चावायचा प्रश्नच नाही. भीती असते ती शेपटीची. एक फटका बसला तर माणूस पाण्यात आणि होडीची फळी गेली.

जाळं नवीन होतं, कर्जाचं होतं. नव्या खलाशांपैकी एक जण म्हणाला, दोरी बांधून किनाऱ्याला नेऊ. तांडेलाने त्याला गप्प केलं. त्याने होडी डोक्याच्या बाजूला घेतली, शेपटीकडे कुणाला फिरकू दिलं नाही. आधी कडेची दोर कापली, मग कल्ल्यांवरचं जाळं. कल्ले आधी मोकळे करायचे, कारण तिथे जाळं आवळलं की तो गुदमरतो. माझ्या हाताला त्याची कातडी घासली आणि सालं निघाली. दिसायला गुळगुळीत, पण हात लावला की काचपेपर कळतो.

सुटल्यावर तो लगेच गेला नाही. बराच वेळ तसाच पडून राहिला. आम्हाला वाटलं मेला. मग शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि सावकाश खाली गेला. तांडेल नारळ घेऊन पुढे आला आणि त्या जागी सोडला. मला आजही त्या माणसाचा अभिमान वाटतो. जाळ्याचा मोठा तुकडा गेला होता आणि घरी जाऊन त्यालाच उत्तर द्यायचं होतं.

दर्यावरून (मर्चंट नेव्ही)

वरच्या दोघांच्या होड्या व्हेलपेक्षा लहान किंवा बरोबरीच्या. माझं जहाज जवळपास तीनशे मीटर. तरी मला जेवढी भीती वाटली तेवढी त्यांना वाटली नसेल, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

श्रीलंकेचं दक्षिण टोक, डोंड्रा हेड. पूर्व-पश्चिम जाणारी जगातली फार मोठी वाहतूक इथून जाते, आणि नेमक्या त्याच पाण्यात ब्लू व्हेल वर्षभर असतात. इथे किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो, खाणं भरपूर, म्हणून ते हलत नाहीत. पहाटेचा वॉच, म्हणजे जहाज चालवायची पाळी, माझा होता. लुकआउटने हाक मारली, "साब, सामने पानी उडा." दुर्बिणीतून बघितलं तर उंच सरळ फवारा. मग दुसरा. थोडी उजवीकडे, आमच्या वाटेवरच.

भरलेलं जहाज ब्रेक मारून थांबत नाही. वेग कमी करायला सांगितला तरी ते कित्येक किलोमीटर पुढे जातं. उरतं फक्त सुकाणू. आजूबाजूला जहाजं होती, रडारवर सगळ्यांची अंतरं बघितली, कॅप्टनला फोन केला आणि डावीकडे मोकळं पाणी होतं तिकडे थोडं थोडं वळवत नेलं. ती निळसर राखाडी पाठ उजव्या बाजूने जाताना संपतच नव्हती. पाठ, पाठ, पाठ, आणि शेवटी कुठेतरी अगदी लहान पर. नंतर शेपूट वर करून ती खाली गेली तेव्हा मी श्वास सोडला.

माझ्या आधी किती जहाजं बघता न बघता त्यांच्यावरून गेली असतील याचा विचार मला त्या दिवसापासून सुटलेला नाही. टक्कर झाली तर वर ब्रिजवर हादरासुद्धा जाणवत नाही. 2022 मध्ये एका मोठ्या कंपनीने आपली जहाजं आपणहून आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. थोड्या जास्त अंतराचा प्रश्न आहे. सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

श्रीवर्धन

व्हेलचा नाही, पाकटाचा, म्हणजे त्या पसरट, लांब शेपटीच्या माशाचा अनुभव चालेल ना? होडीत ओढलं तेव्हा ते पसरल्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मोठं पाकट आलं की जुनी माणसं आधी शेपटीवर पाय देऊन काटा तोडतात. आमच्या खलाशाच्या पोटरीत तो त्याआधीच बसला. आरीसारखा दातेरी काटा, वर विष. माणूस तगडा, पण गुरासारखा ओरडत होता.

चहाचं पाणी स्टोव्हवर होतं. मोठ्या भावाने ते समुद्राच्या पाण्यात मिसळून सोसेल एवढं गरम केलं आणि पाय बादलीत बुडवून ठेवला. किनारा येईपर्यंत पाणी पुन्हा पुन्हा गरम करत राहिलो. हे विष उष्णतेने निकामी होतं, त्यामुळे कळ उतरते. पोळेल इतकं गरम नको, आधी आपला हात घालून बघा, कारण ज्याला लागलंय त्याला पोळलेलं कळत नाही. आणि कळ थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच. काट्याचा तुकडा आत राहतो, नंतर चिघळतं. काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो उपटू नका, तसंच घेऊन डॉक्टरकडे पळा.

बॉस्टन

पुण्याची आहे, समुद्राशी संबंध इथे आल्यावर आला. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राची छोटी बोट आहे, स्टेलवॅगन बँकवर मासे पकडायला गेलो होतो. तिथे समुद्राखाली वाळूचा मोठा उंचवटा आहे, त्यामुळे बारीक मासे भरपूर आणि उन्हाळ्यात त्यांच्यामागे हंपबॅक व्हेल येतात.

बोट उभी होती. पाण्यात हिरवट पांढरे बुडबुडे दिसायला लागले, आधी एक, मग एका रांगेत, आणि ती रांग वळायला लागली. मला ते फार सुंदर वाटलं, मी फोन काढला. मित्र मात्र ओरडला, "बसा, धरून बसा!" हंपबॅक खालून बुडबुड्यांचं रिंगण करून मासे त्यात कोंडतात आणि मग तोंड उघडून सरळ वर येतात. त्याने हळूच बोट रिंगणाच्या बाहेर काढली आणि गिअर काढला. जेमतेम बाहेर पडलो आणि तीन तोंडं एकत्र वर आली. तोंडातून मासे उसळत होते आणि सीगल त्या जबड्यांवरच उतरत होते.

त्यानंतर एक जण आमच्या बोटीखालून गेला. लांब पांढरा पर एका बाजूने आत शिरताना दिसला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. मी सासूबाईंचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. सासूबाई शांत. म्हणाल्या, "अगं, त्याला सगळं कळतंय. बघ कसा अंग चोरून गेला."

इथे व्हेलपासून किती अंतर ठेवायचं याचे नियम आहेत. राइट व्हेल नावाच्या जातीचे फार थोडे उरलेत, त्यांच्यापासून तर साडेचारशे मीटरहून जास्त. बोट पुढे उभी करून वाट अडवायची नाही. धागा काढणाऱ्यांच्या काकांनी गिअर काढून इंजिन चालू ठेवलं, तेच इथेही सांगतात.

देवबाग

मी डॉल्फिन दाखवायला पर्यटकांना नेतो. आमच्याकडे त्यांना गादो म्हणतात. आमच्या किनाऱ्याचे गादे किनाऱ्याला धरून राहतात, पाठीवर कुबड असतं, लाजरे असतात. मोठी उडी क्वचित. पर्यटक म्हणतात जवळ घ्या, जवळ घ्या. चार होड्यांनी चार बाजूंनी घेरलं की पिल्लू आईपासून सुटतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून मी लांब थांबतो आणि आधीच सांगतो, आलं तर त्याच्या मर्जीने येईल. एकदा आई आणि पिल्लू दोघं आपणहून होडीच्या पुढच्या टोकाखाली येऊन, कूस वळवून, वर बघत राहिले. होडीतल्या आजी हात जोडून उभ्या होत्या, कुणी शब्द बोललं नाही. पाठलाग करून असं कधी मिळालं नसतं.

जिब्राल्टर (मर्चंट नेव्ही)

थोडक्यात. 2020 पासून स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचे काही ऑर्का (किलर व्हेल) शिडाच्या बोटींची सुकाणू मोडतात. आमच्या रेडिओवर अशा एका बोटीची हाक ऐकली. बाईचा आवाज अगदी स्थिर, आपली जागा सांगत होती, आणि मागे दणके ऐकू येत होते. तटरक्षकांची बोट त्यांना ओढून घेऊन गेली, सगळे सुखरूप. ऑर्का असं का करतात यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, बरेच जण खेळ समजतात. माणसावर ते धावून गेलेले नाहीत. ती बाई मात्र माझ्या लक्षात राहिली.

सातपाटीवाल्यांना

तुमच्या तांडेलाला माझा नमस्कार सांगा. नुकसानभरपाईचा अर्ज केला होता का? 2018 च्या डिसेंबरपासून राज्यात योजना आहे. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागामार्फत जास्तीत जास्त 25,000 रुपये मिळतात. जीव सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ, कापलेल्या जाळ्याचा फोटो, होडीची नोंदणी आणि परवाना जवळ ठेवा. रात्री बॅटरीच्या उजेडात फोटो नीट येत नाही, म्हणून एकाने फक्त मोबाईल धरायचा आणि बाकीच्यांनी कापायचं असं आम्ही आमच्या होडीवर ठरवून टाकलंय. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत आणि गळ्यात दोरीने.

सातपाटी

केला होता, मिळाले. पूर्ण जाळ्याचे नाही भरले, पण तांडेलाचा कर्जाचा हप्ता भागला. मोबाईलचं बरं सांगितलंत, पुढच्या फेरीला हेच करतो.